टोपणनावाचं पाकीट

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या कथास्पर्धेत माझ्या आईने भाग घेतला होता आणि तिला बक्षीस मिळालं नाही. समितीतल्या चार-पाच जणांखेरीज हे कुणाला माहीत नाही. आज सांगतो आहे ते तिला विचारून. तिने एक अट घातली, ती पुढे येईल.

मंडळात नवीन आलेल्यांसाठी आधी थोडं स्पर्धेबद्दल. २०२१ पर्यंत अंकाचं साहित्य गोळा करायची आपली पद्धत म्हणजे फोन. संपादकांनी ओळखीच्यांना फोन करायचा, ओळखीच्यांनी 'बघतो, वेळ मिळाला तर' म्हणायचं, आणि सप्टेंबर संपता संपता उरलेली पानं पाककृतींनी भरायची. मग कथा आणि कवितांची स्पर्धा ठेवली. पहिल्या क्रमांकाला २५ पौंड, शाल आणि नारळ. (नारळ टेस्कोतून आणला होता. फोडल्यावर आतून खवट निघाला.) महिन्याभरात ९ कथा आणि ३१ कविता आल्या. निम्म्या कवितांत पाऊस होता. वेल्समध्ये राहून माणसाला पावसाची आठवण कशी येते हे मला कळत नाही, पण तो कोकणातला पाऊस होता, इथला नव्हे.

साहित्य आलं, अडचण परीक्षणाची झाली. आपली जेमतेम साठ-सत्तर कुटुंबं. ज्याच्या कवितेला 'जमली नाही' म्हणायचं, त्याच्याच गाडीतून पुढच्या आठवड्यात गणपतीची मूर्ती आणायची असते. पहिल्या वर्षी आम्ही तिघांनीच परीक्षण केलं आणि ९ कथांना ३ क्रमांक व ६ उत्तेजनार्थ असा निकाल लावला. कुणी रागावलं नाही, पण कुणाला फारसा आनंदही झाला नाही. एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, 'उत्तेजनार्थ म्हणजे नक्की कितवा?'

दुसऱ्या वर्षी टोपणनावाचा नियम आणला, तो जयंत नारळीकरांच्या एका किश्श्यामुळे. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी तो पुन्हा वाचला असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचं निवेदन त्यांच्या पाहण्यात आलं. तेव्हा केंब्रिज सोडून ते मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आले होते आणि त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं होतं. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला घेतली. तीच 'कृष्णविवर'. आपल्या नावाचं वजन निकालावर पडू नये म्हणून ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. केंब्रिजचं स्मिथ्स प्राइझ आणि ॲडम्स प्राइझ मिळवलेल्या माणसाला, आपली कथा कथा म्हणून कशी आहे हे कळण्यासाठी जगताप व्हावं लागलं, याची मला फार गंमत वाटत आली आहे.

तर नियम असा झाला: कथेवर फक्त टोपणनाव. खरं नाव आणि पत्ता वेगळ्या बंद पाकिटात, पाकिटावर पुन्हा तेच टोपणनाव. पाकिटं खजिनदारांच्या कपाटात. परीक्षक महाराष्ट्रातले, आपल्यापैकी कुणाला न ओळखणारे. हस्तलिखितं माझ्याकडे यायची, मी ती टाइप करायचो आणि परीक्षकांना पाठवायचो.

फरक पहिल्याच वर्षी दिसला. ज्यांचा क्रमांक ठरलेलाच असतो असं आपण धरून चाललो होतो, त्यांच्यापैकी एकाचंही नाव निकालात नव्हतं. कथेचं पहिलं बक्षीस एका दंतवैद्यांना गेलं. मंडळात ते तोवर फक्त खुर्च्या लावायचे आणि उचलायचे. २०२३ ला कवितेत पहिली आली ती स्विंडनमध्ये जन्मलेली, रविवारच्या मराठी वर्गात अक्षरं गिरवलेली एकोणीस वर्षांची मुलगी. बारा ओळींची कविता, वेलांट्या निम्म्या चुकलेल्या. परीक्षकांनी मुद्दाम कळवलं की कविता छापताना एकही वेलांटी सुधारू नका, त्या तिच्या बोलण्यासारख्या आहेत. मी नाही सुधारल्या. हे वाक्य ध्यानात ठेवा.

आई गेल्या वर्षी मे ते नोव्हेंबर आमच्याकडे होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर. वडील गेल्यानंतरची तिची ही दुसरी खेप. जुलैत स्पर्धेचं पत्रक करताना रात्री जेवणाच्या टेबलावर मी नारळीकरांचा किस्सा सांगितला. पुढे सांगितलं की १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात मराठीतल्या या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. आई म्हणाली, 'कराडच्या संमेलनात मी होते की.' मला हे चाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, स्वयंसेविका. पाण्याचे पिंप भरलेले आहेत ना, एवढं पाहायचं काम. विज्ञानकथेचं तिला काही आठवत नव्हतं. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला दुर्गाबाईंनी सांगितलं, तेव्हा मांडवात पसरलेली शांतता मात्र आठवत होती. 'तुला पाणी हवं होतं तरी कुणी पेला वाजवला नसता,' म्हणाली. मग विचारलं, 'बायकोकडून लिहून घेतली होय? हुशार.' मी पत्रकाच्या मजकुरात गुंतलो होतो.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आइस्टेद्‌वोद आमच्या जवळ, पॉन्टिप्रिद्दला भरला. वेल्सबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हे वेल्श भाषेचं साहित्य संमेलन, गाण्याची मैफल आणि जत्रा, तिन्ही एकत्र. दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, एका वर्षी उत्तरेत तर पुढच्या वर्षी दक्षिणेत. इथल्या शाळाही १ मार्चला आपापला छोटा आइस्टेद्‌वोद भरवतात, त्यामुळे मुलं असलेल्यांना तो माहीत असतो. मुख्य मान 'खुर्ची'चा. जुन्या कडक वृत्तांत लिहिलेल्या दीर्घ कवितेला खरोखरची, सुताराने घडवलेली लाकडी खुर्ची मिळते. मुक्त छंदातल्या कवितेला मुकुट. दोन्हींसाठी कविता टोपणनावानेच पाठवायची.

शुक्रवारी खुर्चीचा समारंभ पाहायला आईला घेऊन गेलो. कानाला इंग्रजी भाषांतराचे हेडफोन लावून मी तिला मराठीत सांगत होतो. परीक्षक मंचावर येऊन आलेल्या कवितांवर बोलतो, कवीचं टोपणनाव घेऊन. मग प्रमुख पुजारी विजेत्याचं टोपणनाव पुकारतो, कर्णे वाजतात, आणि त्या अंधाऱ्या मंडपात कुठेतरी एक माणूस उठून उभा राहतो. प्रकाशाचा झोत त्याच्यावर येतो. तोपर्यंत शेजारी बसलेल्यालाही पत्ता नसतो. त्याला मंचावर नेतात, त्याच्या डोक्यावर अर्धी उपसलेली तलवार धरतात आणि पुजारी लोकांना तीनदा विचारतो, शांतता आहे का? हजारो लोक ओरडतात, आहे. तलवार पूर्ण कधीच उपसत नाहीत.

परतीच्या ट्रेनमध्ये तिला हेद् विनची गोष्ट सांगितली. ट्राव्ह्सफनिद्दचा मेंढपाळ कवी. १९१७ च्या बर्कनहेडच्या आइस्टेद्‌वोदला त्याने कविता पाठवली होती. ६ सप्टेंबरला त्याचं टोपणनाव तीनदा पुकारलं, कुणी उठलं नाही. ३१ जुलैलाच तो बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं. आजही ती 'काळी खुर्ची' म्हणून ओळखली जाते आणि त्याच्या घरी पाहायला मिळते. आई काही बोलली नाही. मग मी तिला जरा बरं वाटावं म्हणून डोरोथी बोनर्जींचं सांगितलं. बरेलीत जन्मलेली बंगाली मुलगी, ॲबरिस्टविथच्या कॉलेजात शिकायला आलेली. १९१४ साली कॉलेजच्या आइस्टेद्‌वोदमध्ये वेल्सच्या इतिहासातल्या एका योद्ध्यावर तिने कविता लिहिली, 'शिता' या टोपणनावाने. नाव पुकारल्यावर उभी राहिली ती एक भारतीय तरुणी. तिथली खुर्ची मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली परदेशी. पुढे १९१७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून तिने कायद्याची पदवी घेतली.

आईने विचारलं, 'आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचं काय?'

त्यांच्यासाठी एक पुस्तक असतं. दर वर्षी आइस्टेद्‌वोदच्या त्याच आठवड्यात विजेत्या रचना आणि परीक्षकांचे अभिप्राय असं पुस्तक निघतं. त्यात हरलेल्यांवरही लिहिलेलं असतं, त्यांच्या टोपणनावानेच. कुणाची कुठली ओळ चांगली, कोण कुठे घसरला, सगळं. ज्याचं त्याने घरी बसून वाचायचं, बाकी कुणाला कळत नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की पुढच्याच मीटिंगमध्ये मी ठराव मांडला: यंदापासून प्रत्येक कथेला परीक्षकांचा चार ओळींचा लेखी अभिप्राय, टोपणनावाने. परीक्षकांनी मानधनाशिवाय हे जादा काम पत्करलं, त्यांचे आभार.

शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती. २९ की ३० तारखेला दारातल्या टपालात एक जाड पाकीट पडलेलं होतं. वळणदार, शाळामास्तरी अक्षर. टोपणनाव 'पाहुणी'. कथेचं नाव 'दुपार'. आई चालत जाऊन कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आली होती, स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर. अक्षर होतं मंडळातल्याच एका घरी मुलीकडे आलेल्या बेळगावच्या काकूंचं. निवृत्त शिक्षिका. दोघी आठवड्यातून दोनदा लायब्ररीत भेटायच्या. आम्हाला वाटायचं, दोघी चालायला जातात.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी ती कथा टाइप केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप घेऊन आणि समोर आई मेथी निवडत.

कथा थोडक्यात अशी. एक बाई मुलाकडे परदेशात आली आहे. सकाळी आठनंतर घर रिकामं. एकदा फोडणी करताना धुराचा अलार्म वाजला तेव्हापासून ती गॅस लावत नाही, सकाळचं झाकून ठेवलेलं खाते. दिवसभर ती मुलाला सांगायच्या गोष्टी साठवते. पोस्टमन आज काय म्हणाला, खिडकीतून दिसणारं मांजर कुणाचं निघालं. संध्याकाळी मुलगा लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणतो, 'बोल ना, ऐकतोय.' एके दिवशी तो खरंच लॅपटॉप मिटतो आणि म्हणतो, सांग. आणि तिला काय सांगायचं होतं ते आठवत नाही. ती अंथरुणावर पडून आठवत राहते. संपली कथा.

तुम्ही म्हणाल, मला कळलं कसं नाही. मोहरी तडतडली की अलार्म वाजतो, हे कुठल्या मराठी घरात होत नाही? 'बोल ना, ऐकतोय' कोण म्हणत नाही? मी टाइप करता करता मोठ्याने म्हणालोसुद्धा, 'काय मुलगा आहे हा.' आई मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली, 'असेल बिचारा कामात.'

आणि टाइप करताना मी भाषा सुधारली. हस्तलिखितात 'कोरड्यास' होतं, मी 'आमटी' केलं. 'जुंधळ्याची भाकरी' होती, ती ज्वारीची केली. 'हंतरूण' चं 'अंथरूण'. वर मी दोनदा आमटी आणि अंथरूण म्हणून बघूनही घेतलं, वाक्य नीट वाजतंय का. आई समोर बसून ऐकत होती. 'तिथं तसंच राहू दे' म्हणाली असती तर पकडली गेली असती. ती उठून मेथी धुवायला गेली.

ऑक्टोबरच्या मध्यावर निकाल आला. झूमवर खजिनदारांनी एकेक पाकीट फोडलं. विजेत्यांची आधी, मग अभिप्राय पाठवायचे म्हणून बाकीच्यांची. 'पाहुणी' चं पाकीट फोडल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, 'यावर तुमच्याच घरचा पत्ता आहे हो.' मला वाटलं, बायकोने गंमत केली. ती माझ्या मागेच उभी होती, तिने मान हलवली.

परीक्षकांचा अभिप्राय असा होता, थोडक्यात: निरीक्षण बारीक आणि खरं. पण कथेला शेवट नाही. आणि भाषा पुस्तकी वाटते. या बाईच्या तोंडी तिच्या गावची बोली असती तर कथा वेगळ्याच पातळीवर गेली असती.

तो कागद घेऊन मी वर गेलो. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. वाचून दाखवला. पुस्तकी भाषेपाशी मी अडखळलो.

'अडखळू नको, वाच,' ती म्हणाली.

मी विचारलं, 'तो मुलगा मी आहे का?'

'कथा आहे ती. टाइप करताना बरा ओळखू आला नाही तुला.' आणि मग जे खरं बोचलं होतं ते तिने विचारलं. 'माझं कोरड्यास का काढलंस?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्विंडनच्या मुलीच्या वेलांट्या मी हात न लावता ठेवल्या होत्या, कारण परीक्षकांनी तसं सांगितलं होतं. आईच्या बाबतीत कुणी सांगायला नव्हतं. मंडळासमोर सातारी बोली कशी दिसेल, असं मनात कुठेतरी आलं असणार. ज्या घरात मी वीस वर्षं कोरड्यास खाल्लं त्या घरातला शब्द मला छापायला नको वाटला. शेवटाबद्दल तिला काही वाटलं नव्हतं. 'शेवट नाहीच त्याला,' एवढंच म्हणाली.

तिच्या व्हिसाचे तीन आठवडे उरले होते. मी रोज साडेसहाला लॅपटॉप मिटून तिच्यासमोर बसायला लागलो. पहिले दोन दिवस दोघंही अवघडून गेलो. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'रोज काही सांगण्यासारखं होत नाही रे. तू कर तुझं काम, मी इथं बसते.' चौथ्या दिवशी मी मेथी निवडायला घेतली तेव्हा जरा सोपं गेलं. पोस्टमनचं नाव मला त्या आठवड्यात कळलं. आमच्या घरी तो सहा वर्षं टपाल टाकतो आहे.

समितीत नंतर वाद झाला. एका सदस्यांचं म्हणणं, संयोजकांच्या घरच्यांना भाग घेता येऊ नये. मी विरोध केला. नावच कळत नसेल तर नातं कुठून कळणार? मंडळाच्या स्पर्धेत बक्षीस देतो ते दोघा-तिघांना. पण आपल्याला घरात जे बोलता येत नाही ते परक्या परीक्षकासमोर ठेवता येतं, आणि परीक्षकाला आपल्या तोंडावर जे सांगता आलं नसतं ते तो सांगू शकतो, ही सोय सगळ्यांसाठी आहे. ती घरच्यांनाच सगळ्यात जास्त लागते. ठराव पाचास चार मतांनी पडला. टाइप करायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं. ते मी स्वतःच मागितलं होतं. यंदापासून हस्तलिखितं स्कॅन करून जशीच्या तशी जातात. टाइप केलेलं पाठवायचं तर लेखकाने स्वतः करावं.

आता तिची अट. 'दुपार' ही कथा याच अंकात पुढे छापली आहे, 'पाहुणी' याच नावाने, बेळगावच्या काकूंच्या हस्तलिखितावरून. अट होती की कोरड्यास, जुंधळा आणि हंतरूण जिथल्या तिथे परत आले पाहिजेत, आणि कंसात अर्थ द्यायचा नाही. 'ज्याला कळणार नाही तो आईला फोन करून विचारेल,' असं तिचं म्हणणं. संपादकांनी मान्य केलं.

यंदा ती आली नाही. एप्रिलमध्ये कराडला गुडघ्याचं ऑपरेशन झालं. स्पर्धा यूकेत असलेल्यांसाठीच असल्याने तिला भाग घेता आला नाही. पण तिने दुसरी कथा लिहायला घेतली आहे. पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर बेळगावच्या काकूंना जातात, तिकडून दुरुस्त्या येतात. सात पानं झाली आहेत असं काकूंच्या मुलीने सांगितलं. मला अजून दाखवलेली नाहीत.